घरचें आरोग्य : अंगांत रक्त किती?

गेल्या पौषांत जुन्नरास आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं बारशाचें निमंत्रण होतें. सूनबाईंचें हें दुसरें बाळंतपण. म्हणून तें सासरींच केलें होतें. इस्पितळांत सर्व यथास्थित पार पडलें, चवथ्या दिवशीं बाळ-बाळंतीण घरीं आलीं, आणि वाड्यांत पाळण्याची, घुगऱ्यांची व नांवाची चर्चा सुरू झाली. बारशाच्या आदल्या दिवशीं सकाळीं आम्ही जाऊन पोंचलों, तों तेथें निराळीच धांदल उडालेली. पहांटेपासून सूनबाईंच्या अंगावरून एकाएकीं पुष्कळ जाऊं लागलें होतें. घरांतील वडील काकूंनीं "बाळंतिणीचें असें चालायचेंच," म्हणून दोन तास कोणापाशीं शब्द काढला नाहीं. काढला तो सूनबाईंस उठून उभें राहतांना भोंवळ आली तेव्हां.

आळींतल्या डॉक्टरीणबाई धांवत आल्या. त्यांनीं नाडी धरली आणि पहिलाच प्रश्न केला, "किती गेलें?"

ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर त्या भरल्या घरांत कोणासही देतां येईना. काकू म्हणाल्या, "थोडें." चिरंजीव म्हणाले, "फारच." नणंदबाई म्हणाल्या, "दोन-तीन कपडे भिजले असतील."

"ते कपडे कोठें आहेत, काकू?"

"ते मघांच बादलींत भिजत घातले, बाई. असलें कांहीं उघड्यावर ठेवतात का?"

डॉक्टरीणबाई ह्यावर कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं १०८ क्रमांकास दूरध्वनि करावयास लावला आणि पलंगावर राहिलेली एकुलती एक चादर घडी करून बरोबर घेतली. ती कशासाठीं, हें त्या वेळीं आम्हांस कळलें नाहीं.

इस्पितळांत गेल्याबरोबर रक्त तपासलें. हिमोग्लोबिन १०.६ आलें. आठ दिवसांपूर्वीं घरीं पाठवतांना तें १०.८ होतें. आमच्या स्नेह्यांचा जीव भांड्यांत पडला. "म्हणजे रक्त फारसें गेलेलें नाहीं!" असें ते म्हणाले. तेथील डॉक्टरांनीं मान हालवून सांगितलें, "ह्या आंकड्यावरून तें कळत नाहीं." घरांतील सर्व मंडळी शिकलेली, परंतु हें वाक्य कोणास पटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं आम्हांसही तें नीट उमगलें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची समजूत आमच्या स्नेह्यांसारखीच असेल असें वाटल्यावरून ह्या महिन्यांत हाच विषय घेतला आहे.

रक्ताविषयीं दोन प्रश्न अगदीं वेगळे आहेत. एक, रक्त कसें आहे? दुसरा, रक्त किती आहे? हिमोग्लोबिनची तपासणी पहिल्या प्रश्नाचें उत्तर देते, दुसऱ्याचें नाहीं. कळशीभर ताक असावें आणि त्यांतलें अर्धें सांडावें. उरलेलें ताक चाखून पाहिलें तर तें पहिल्याइतकेंच दाट लागतें. चवीवरून तें किती सांडलें हें कळणार नाहीं. कळशी पुन्हा भरण्यासाठीं कोणीं पाणी ओतलें, म्हणजेच तें पातळ होतें. आपल्या शरीरांतही असेंच घडतें. रक्त वाहून जातें तें पेशींसकट आणि रक्तद्रवासकट, सर्वच्या सर्व. उरतें तें पूर्वीच्याच दाटपणाचें. पुढें कांहीं तासांनीं शरीर आपल्याच पेशीजालांतील पाणी रक्तवाहिन्यांत ओढून घेतें, किंवा डॉक्टर शिरेंतून सलाइन देतात, तेव्हां कोठें हिमोग्लोबिनचा आंकडा उतरूं लागतो. तोंपर्यंत आंकडा चांगला आणि रोगी मात्र धोक्यांत, अशी स्थिति असूं शकते.

याच्या उलटही घडतें. गरोदरपणांत रक्तद्रव शेंकडा ४० ते ५० वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्या मानानें कमी, म्हणजे शेंकडा २० ते ३० च वाढतात. रक्त एकंदरींत अधिक होतें, पण हिमोग्लोबिन उतरतें. म्हणूनच एरवीं बाईचें हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षां कमी झालें तर पंडुरोग म्हणतात, आणि गरोदरपणांत ती मर्यादा ११ धरतात. तिसरा प्रकार आमच्या जुन्नर-आंबेगांवच्या शेतकऱ्यांस अनुभवानें ठाऊक असलेल्या घोणस सापाचा. त्याच्या विषानें रक्त गोठेनासें होतें. डॉक्टर कांचेच्या स्वच्छ, कोरड्या नळींत थोडें रक्त घेऊन तें वीस मिनिटें न हालवतां ठेवतात व मग नळी कलती करून पाहतात, ती परीक्षा ह्याचसाठीं. परंतु कांहीं रोग्यांत ह्या विषानें सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून नुसता रक्तद्रवही पाझरूं लागतो. डेंग्यूच्या तीव्र तापांतही तसेंच होतें. अशा वेळीं वाहिन्यांतील रक्त कमी होत असतां हिमोग्लोबिन मात्र चढतें! तेव्हां केवळ ह्या एका आंकड्यावर विसंबणें किती भ्रामक आहे, हें ह्या तीन उदाहरणांवरून ध्यानांत येईल.

मग अंगांत रक्त एकंदर किती, हें मोजावें कसें? माणूस म्हणजे कांहीं कळशी नव्हे कीं पालथी करून मापून घ्यावी. परंतु इतिहासांत पहिल्यानें नेमकें तेंच झालें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८५४ च्या सुमारास, जर्मनींत वेल्कर ह्या शास्त्रज्ञानें, व मागाहून बिशॉफ ह्यानें, शिरच्छेदाची शिक्षा झालेल्या गुन्हेगारांच्या देहांतील वाहिलेलें रक्त गोळा केलें, वाहिन्या पाण्यानें धुऊन काढल्या, आणि त्या धुवणाचा तांबडा रंग ठराविक प्रमाणांत पातळ केलेल्या रक्ताच्या रंगाशीं ताडून राहिलेल्या रक्ताचा हिशेब केला. उत्तर आलें, शरीराच्या वजनाचा सुमारें तेरावा भाग. रीत भयंकर खरी. पण उत्तर आजच्या उत्तराच्या आश्चर्य वाटावें इतकें जवळ आहे.

जिवंत माणसास इजा न करतां मोजण्याची युक्ति निराळी आहे, आणि ती समजण्यास शिवनेरीवर जावें. गडावर गंगा-जमुना म्हणून पाण्याचीं टाकीं आहेत. असल्या एखाद्या टाक्यांत पाणी किती आहे, हें तें न उपसतां सांगावयाचें आहे असें समजा. आंत खडक कसा कोरला आहे, खोली कोठें किती, हें वरून दिसत नाहीं. अशा वेळीं दहा ग्रॅम निरुपद्रवी रंग मोजून पाण्यांत टाकावा, तो सर्वत्र मिसळूं द्यावा, आणि मग एक लिटर पाणी काढून त्यांत रंग किती उतरला तें पाहावें. लिटरमागें एक मिलिग्रॅम आला, तर टाक्यांत दहा हजार लिटर पाणी आहे. कारण दहा ग्रॅम म्हणजे दहा हजार मिलिग्रॅम, आणि तितक्या लिटरांत ते वांटले गेले. रक्त मोजण्याच्या आजवरच्या बहुतेक सर्व रीती ह्या एकाच तत्त्वावर उभ्या आहेत. फरक इतकाच कीं रंगाच्या जागीं काय घालावयाचें.

१९०० मध्यें हॉल्डेन व लॉरेन स्मिथ ह्या शास्त्रज्ञांनीं रंगाऐवजीं कार्बन मोनॉक्साइड वायु वापरला. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवल्यास माणसें गुदमरून दगावतात, ती ह्याच वायूमुळें. बाळंतिणीच्या खोलींत दारें-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवणाऱ्यांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. हा वायु हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो. मोजून अगदीं थोडा हुंगवला, आणि मग रक्तांतील शेंकडा किती हिमोग्लोबिन त्यानें अडवलें हें पाहिलें, कीं शरीरांतील एकंदर हिमोग्लोबिनचा व त्यावरून रक्ताचा हिशेब लागतो. त्यांचा आंकडा वेल्करपेक्षां बराच कमी आला होता. तथापि सुधारलेल्या स्वरूपांत ही रीत आजही खेळाडूंच्या व उंच पहाडावरील प्रयोगांत योजतात.

१९१५ मध्यें अमेरिकेंत कीथ, राउंट्री व गेराटी ह्यांनीं शिरेंतून तांबडा रंग टोंचून रक्तद्रव मोजला. पुढें इव्हान्स ब्लू नांवाचा निळा रंग पुढें आला व पुष्कळ वर्षें तोच चालला. हा रंग रक्तद्रवांतील अल्ब्युमिन ह्या प्रथिनास चिकटून राहतो, त्यामुळें लवकर बाहेर पडत नाहीं. रंगावरून केवळ रक्तद्रव कळतो. पेशींचा भाग किती तें नळींतील रक्त यंत्रानें गरगर फिरवून वेगळें पाहतात. समजा, रक्तद्रव १.९५ लिटर निघाला आणि पेशी शेंकडा ३५ आहेत. तर रक्तद्रव हा शेंकडा ६५ भाग झाला, व एकंदर रक्त ३ लिटर ठरलें. बारीक वाहिन्यांत पेशींचें प्रमाण मोठ्या शिरेपेक्षां किंचित कमी असतें, तेवढी दुरुस्ती करावी लागते.

किरणोत्सर्गी द्रव्यें हातीं आल्यावर ह्या कामांत आणखी सूक्ष्मता आली. १९४३ चें नोबेल पारितोषिक मिळवणारे हेवेशी ह्यांनीं किरणोत्सर्गी फॉस्फरसची खूण तांबड्या पेशींवर केली. १९५० मध्यें ग्रे व स्टर्लिंग ह्यांनीं त्याच कामीं किरणोत्सर्गी क्रोमियम आणलें, आणि रक्तद्रवासाठीं किरणोत्सर्गी आयोडिन जोडलेलें अल्ब्युमिन प्रचारांत आलें. रोग्याच्याच थोड्या पेशी घेऊन त्यांवर खूण करावी, त्या परत शिरेंत सोडाव्या, आणि कांहीं वेळानें पुन्हा नमुना घेऊन मोजावें, अशी ही रीत. हृदय दुर्बल झालेल्या कांहीं रोग्यांत, किंवा तांबड्या पेशी फाजील वाढल्या आहेत कीं नुसता रक्तद्रव आटला आहे असा संशय पडला असतां, तिचा उपयोग होतो.

आतां चाणाक्ष वाचक विचारतील, इतक्या रीती आहेत तर सूनबाईंवर त्यांतील एखादी कां केली नाहीं? उत्तर टाक्याच्याच दृष्टांतांत आहे. टाकें गळत असेल तर त्यांत रंग टाकून माप निघत नाहीं. रंग मिसळण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्यांत पाण्याबरोबर रंगही निघून जातो. मागें राहिलेला नमुना फिका दिसून पाणी आहे त्याहून अधिक असल्याचा भास होतो. रक्त वाहत असतांना असल्या मोजणीस अवधिही नसतो आणि तिच्यावर भरंवसाही नसतो. म्हणून अशा प्रसंगीं डॉक्टर दुसऱ्याच तीन गोष्टींचा आधार घेतात.

पहिली, मूळ रक्त किती असावें ह्याचा अदमास. सामान्यतः प्रौढ पुरुषास वजनाच्या दर किलोमागें ७० मिलिलिटर, स्त्रीस सुमारें ६५ मिलिलिटर रक्त असतें. चरबींत रक्त थोडें असल्यामुळें स्थूल माणसास किलोमागें याहून कमी धरतात. १९६२ मध्यें नॅडलर व त्याच्या सहकाऱ्यांनीं उंची व वजन ह्यांवरून एक सूत्र बसवलें. स्त्रियांसाठीं तें असें : उंचीचा मीटरमधील घन ०.३५६१ नें गुणावा, किलोमधील वजन ०.०३३०८ नें गुणावें, आणि दोहोंच्या बेरजेंत ०.१८३३ मिळवावे, उत्तर लिटरमध्यें येतें. आमच्या सूनबाई पांच फूट, म्हणजे १.५२ मीटर उंचीच्या, आणि वजन ४८ किलो. हिशेब सुमारें तीन लिटरांचा झाला. घरांतल्या दुधाच्या तीन पिशव्या, इतकेंच तें रक्त! सहा फूट उंचीच्या धिप्पाड पुरुषाचें अर्धा लिटर रक्त गेलें आणि ह्या मुलीचें अर्धा लिटर गेलें, ह्या दोन गोष्टी सारख्या नव्हेत.

दुसरी गोष्ट, नाडी व रक्तदाब. शेंकडा १५ पर्यंत रक्त गेलें तरी निरोगी तरुण शरीर वरकरणीं तें जाणवूं देत नाहीं. १५ ते ३० पर्यंत नाडी जलद होते. रक्तदाब मात्र बहुधा टिकून असतो. ३० च्या पुढें रक्तदाब घसरतो, माणूस घाबराघुबरा होतो, हातपाय गार पडतात. म्हणजे रक्तदाब उतरेपर्यंत थांबणें म्हणजे जवळ जवळ तृतीयांश रक्त जाण्याची वाट पाहणें होय. ह्यासाठीं एक सोपा हिशेब करतात. नाडीच्या आंकड्यास रक्तदाबाच्या वरच्या आंकड्यानें भागावें. बाळंतिणीच्या बाबतींत उत्तर ०.९ किंवा अधिक आलें तर तो धोक्याचा इशारा समजावा. सूनबाईंची नाडी १२४ होती आणि वरचा रक्तदाब ९६. भागाकार १.२९ आला.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष गेलेल्या रक्ताचें माप. आणि डॉक्टरीणबाईंनीं बरोबर घेतलेली चादर येथें कामास आली. इस्पितळांतील परिचारिकेनें ती काट्यावर ठेवली. त्याच जोडींतली कोरडी चादर घरून मागवून तीही ठेवली. एक ८७० ग्रॅम, दुसरी ४५०. फरक ४२० ग्रॅमचा, म्हणजे सुमारें ४०० मिलिलिटर रक्त. चादर म्हणत होती चारशें. नाडी म्हणत होती त्याच्या दुप्पट. मधला फरक बादलींत गेला होता.

गेलेलें रक्त नजरेनें अजमावण्याची संवय फार जुनी आहे, आणि ती नेहमीं कमीच सांगते. ह्याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्या शेजारींच, बेळगांवांत मिळाला. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयांतील मंडळींनीं अमेरिकन सहकाऱ्यांसह प्लॅस्टिकचें एक साधें वस्त्र योजलें. तें प्रसूतीनंतर बाळंतिणीखालीं पसरतात. खालीं नरसाळ्यासारखी पिशवी असते व तिच्यावर मापाच्या रेषा असतात. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत, नजरेचा अंदाज ह्या पिशवीच्या मापापेक्षां शेंकडा ३३ नें कमी भरला. त्याच वर्षीं बेळगांव जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत १,६२० बाळंतिणींवर झालेला एक प्रयोगही प्रसिद्ध झाला. सुईणीचें शिक्षण घेतलेल्या परिचारिकांनीं मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या असतां, अर्ध्या लिटरवर रक्त जाण्याचें प्रमाण शेंकडा १२ वरून ६.४ वर आलें. गेलेलें रक्त मोजलें ह्याच पिशवीनें. २०२३ मध्यें केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया ह्या देशांतील ८० इस्पितळांतून दोन लक्षांहून अधिक प्रसूतींचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथें अशी मापाची पिशवी वापरून, माप दिसतांच सर्व उपचार एकदम सुरू केले. नेहमींच्या रीतीनें चाललेल्या इस्पितळांत निम्मेच रक्तस्राव वेळीं ओळखले गेले होते. पिशवीच्या इस्पितळांत शेंकडा ९३. आणि फार मोठा रक्तस्राव, त्यासाठीं शस्त्रक्रिया किंवा मृत्यु, ह्या आपत्ती शेंकडा ४.३ वरून १.६ वर उतरल्या. औषधें बहुतेक तींच होतीं. वेळेवर मोजणें तेवढें नवें होतें.

जुन्नर पेठेंत हांकेच्या अंतरावर डॉक्टर मिळतात. परंतु आंबेगांव तालुक्याच्या पश्चिमेस आहुपे ह्यांसारख्या गांवांतून पावसाळ्याच्या रात्रीं, डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेनें वळणें घेत घोडेगांव अथवा मंचर गांठावयाचें म्हणजे काय, हें त्या बाजूस गेलेल्यांस सांगावयास नको. तेथें अर्ध्या तासाचा उशीर हा उशीर राहत नाहीं. म्हणून "किती गेलें?" ह्या प्रश्नाचें उत्तर घरांतच तयार असणें, हें औषधाइतकेंच मोलाचें आहे.

त्यासाठीं करावयाचें तें फार थोडें आहे. बाळंतिणीचे कपडे लागलींच धुवूं नयेत. रक्तस्राव अधिक वाटल्यास ते एका पिशवींत घालून ठेवावे व डॉक्टरांकडे न्यावे. घरांत वजनाचा कांटा असेल तर ओला कपडा व तसाच कोरडा कपडा तोलून फरक काढावा. एका ग्रॅमास एक मिलिलिटर हा हिशेब घरापुरता पुरेसा आहे. एका तासांत एक जाड घडी पूर्ण भिजली, मोठ्या गांठी पडल्या, उभें राहतांना भोंवळ आली, किंवा स्वस्थ पडली असतां नाडी मिनिटास शंभरावर गेली, तर कोणाची परवानगी विचारीत बसूं नये. प्रसूति होऊन आठ-दहा दिवस झाले म्हणून निर्धास्त राहूं नये. असा स्राव पुढें कित्येक आठवडेही होऊं शकतो. आणि प्रसूतीपूर्वींच हिमोग्लोबिन सुधारून घ्यावें, कारण थोड्या रक्ताच्या बाईस थोडेंच गमावतां येतें.

आमच्या घरांतून ह्या विषयावर बोलणें अमंगळ मानतात. बाळंतिणीचा विटाळ, कपडे दृष्टीआड करण्याची घाई, पुरुषांपुढें शब्द न काढणें, हें सर्व आपण मर्यादा म्हणून पाळीत आलों. काकूंस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्या सासूबाईंनीं त्यांस जें शिकवलें तेंच त्यांनीं केलें, आणि त्या दिवशीं इस्पितळाच्या पायरीवर सर्वांत अधिक अश्रू त्यांनींच ढाळले. परंतु जी मर्यादा डॉक्टरांच्या डोळ्यांपुढचा पुरावा बादलींत बुडवते, ती पाळण्यांत कोणता धर्म साधतो, हें आम्हांस कळत नाहीं.

सूनबाईंच्या पोटांत वारेचा एक लहान तुकडा राहिला होता. तो काढला, रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या, आणि पांचव्या दिवशीं त्या घरीं आल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं केलेलें हिमोग्लोबिन, दोन पिशव्या चढल्यावरही, ८.९ होतें, तेव्हां कोठें आमच्या स्नेह्यांस डॉक्टरांचें वाक्य पटलें. बारसें तीन आठवडे उशिरां झालें. आम्ही पुन्हा गेलों. घुगऱ्या वांटून झाल्यावर काकूंनीं आम्हांस माजघरांत बोलावून फडताळ उघडून दाखवलें. आंत बाळंतिणीच्या धुतलेल्या घड्या नीट रचून ठेवल्या होत्या, आणि सर्वांत वरच्या घडीवर एक चिठ्ठी टांचली होती : "कोरडें वजन ६० ग्रॅम."